तेकेला सरळ उभं करताना

आत-बाशी, ३ मार्च

तिलेक असानबेकोविच यांस,

दोन वर्षं मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि पुढेही लिहायची नाही असं ठरवलं होतं. फोनमधून तुमचा नंबर तर मी केव्हाच उडवलाय. पण आज दुपारी माझा जन्मदाखला माझ्या हाताला लागला, आणि त्यावर वडिलांच्या रकान्यात तुमचं नाव आहे.

तुमचं. माझ्या दादाचं.

मी खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचलं. आईच्या रकान्यात ऐचुरेक. म्हणजे वहिनी! दर वाढदिवसाला लोकरीचे मोजे पाठवणारी वहिनी, जिला रंगांची अक्कल नाही म्हणून मी इथे सगळ्यांना हसवत असते, ती. मला आधी वाटलं, कचेरीतल्या बाईने रकाने चुकवले. मग शिक्का पाहिला, तारीख पाहिली. तेव्हा तुम्ही वीस वर्षांचे आणि ती एकोणीसची. हिशेब अगदी चोख बसतो.

दाखला हवा होता तो रोबोटच्या पायी. तुम्हाला कुठून ठाऊक असणार, पण बिश्केकच्या स्पर्धेत आमचा रोबोट दुसरा आला. आता बारा एप्रिलला अल्माटीला जायचंय. आम्ही तिघं आहोत: दास्तान लोखंड कापतो, मीरिम तारा जोडते, प्रोग्राम माझा. जेनिश सर, म्हणजे आमचे भौतिकशास्त्राचे सर, म्हणाले की सरहद्द ओलांडायला दाखला आणि आईवडिलांचं नोटरीसमोर केलेलं संमतीपत्र लागतं. आई शेजारी लग्नाला गेली होती. म्हटलं, तिला कशाला त्रास. रजयांची चळत उतरवली, पेटी उघडली.

आई पिशवीत लग्नातलं मटण घेऊन खुशीत आली. मी दाखला समोर धरला.

"हे काय आहे?"

"दाखला आहे. जागच्या जागी ठेव, मळेल."

"ह्यावर दादाचं नाव का?"

"मग कुणाचं असणार? त्याच्याच पोटची ना तू." असं म्हणाली आणि मटण पातेल्यात काढायला लागली. मटण काढत होती ती, तिलेक असानबेकोविच! "पहिलं मूल थोरल्यांच्या मांडीवर द्यायचं, ही काय आज निघालेली रीत आहे? गल्लीत दर चौथ्या घरात एक आहे."

"मला सांगितलं का नाहीत?"

"लपवलं कुठे? तू कधी विचारलंस?"

आता तुम्हीच सांगा, असलं कोण विचारतं? सकाळी चहा पिता पिता 'आई, तू माझी आईच ना?' असं विचारायचं असतं का? मी तिथेच रजयांवर बसले. बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं, टोपी घातली आणि घोड्याकडे गेले. अजून आत आलेले नाहीत.

म्हणजे आई माझी आजी आणि बाबा माझे आजोबा. तुमचा अदिलेत, ज्याला मी 'आत्याचा लाडका' म्हणते, तो माझा सख्खा भाऊ. त्याला तुम्ही जवळ ठेवलंत.

मला तुमच्याकडून काही नको. संमतीपत्र एक एप्रिलच्या आत द्यायचंय, त्यावर तुमची आणि वहिनीची सही लागते, आणि मी ती मागणार नाही. दोन वर्षांपूर्वी ताश्कंदच्या स्पर्धेला संघातले सगळे गेले, मी राहिले. आई म्हणाली होती, "तिलेककडून एक कागद यायचा होता, आलाच नाही." त्या दिवसापासून मी तुमच्याशी बोलणं सोडलं. माझ्या जाण्याला भावाचा कागद कशाला लागतो, हे मात्र मला तेव्हा सुचलं नाही. तेरा वर्षांची होते आणि रागात होते.

पत्र बुरूल मावशीच्या हाती देतेय. ती रविवारी रशियात, तुमच्या सुर्गुतला निघालीय.

गुलबारचिन


आत-बाशी, ११ मार्च

तिलेक,

दादा लिहवत नाही आणि दुसरं काही सुचत नाही.

सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना! दुकानातल्या बाईला, शाळेच्या शिपायाला, बहुतेक बाबांच्या घोड्यालासुद्धा. मी दास्तानला कोपऱ्यात घेऊन म्हटलं, कुणाला सांगू नकोस, पण तिलेक माझा भाऊ नाहीये. तो कुरुत, सुकवलेल्या दह्याचा गोळा, चघळत होता.

"हो, बाप आहे," तो म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? आमच्या घरी तुझी गोष्ट निघाली की आजी म्हणते, तिलेकची पोर. मला वाटायचं तुला माहितीये आणि तू मुद्दाम दादा दादा करतेस. लाडाने."

"लाडाने?"

"आता मारू नकोस. हातात डाग द्यायची कांडी आहे तुझ्या, तापलेली."

कांडी मी खाली ठेवली. बाकी काही खाली ठेवता आलं नाही. मी दुपारभर कार्यशाळेत बसून होते आणि मला एवढंच दिसत होतं की पंधरा वर्षं मी ज्या ज्या माणसाशी बोलले, त्याला माझ्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तुम्हीसुद्धा. तुम्ही मला पहिल्यांदा तार सोलायला शिकवलीत, ती कुणाला शिकवत होतात? बहिणीला की मुलीला? मला खरंच जाणून घ्यायचंय.

आईचा फोन रोज वाजतो आणि ती अंगणात जाऊन बोलते. तुम्हीच असणार. मला द्यायला सांगू नका.

रोबोटचं म्हणाल तर तो वेडा झालाय. त्याचं नाव तेके, म्हणजे बोकड, कारण तो मेजाच्या कडांना टकरा मारतो. त्याने दोन मिनिटांत मेजावरचे पांढरे चेंडू वेचून आपल्या कुंपणात आणायचे आणि काळे सोडून द्यायचे. पांढरे चेंडू आमच्याकडे नव्हतेच, मागवलेले पोचले नाहीत, म्हणून आम्ही हिवाळाभर कुरुतवर सराव केला. आकार तोच, रंग तोच. फक्त दास्तान ते खायचा. आम्हाला कुणालाच सुचलं नाही की कुरुत खरखरीत असतो. बिश्केकला खरे चेंडू आले, प्लास्टिकचे, गुळगुळीत, आणि तेकेच्या चिमट्यातून साबणासारखे निसटायला लागले. तिथले संघ पोट धरून हसत होते. मग मीरिमने आपल्या जोड्यातलं लोकरी नमद्याचं अस्तर फाडलं आणि चिमट्याला चिकटवलं, म्हणून दुसरे तरी आलो. बिचारी परतीच्या वाटेवर एका पायाने गारठली.

आता चेंडू निसटत नाहीत, पण तिसऱ्या वळणानंतर तेके भलतीकडेच जातो. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मी प्रोग्राम तीनदा पहिल्यापासून लिहिला. आणि हे सगळं मी मीरिमला शिकवतेय, कारण माझी जागा मी सोडणार आहे. सरांना सांगून झालंय. ते म्हणाले, "बारचिन, प्रोग्राम तुझ्या डोक्यात आहे, तो मीरिमच्या डोक्यात महिन्याभरात कसा जाईल?" मी म्हटलं, "जाईल." मीरिम रडायला लागली.

मला अल्माटीला जायचंय. गेली तीन वर्षं मला दुसरं काहीच नकोय. पण तुमच्यापुढे हात पसरून नाही.

बारचिन


आत-बाशी, २२ मार्च

वर काय लिहावं कळेना, म्हणून जागा मोकळी सोडलीय.

दोन गोष्टी झाल्या. आधी छोटी सांगते, कारण मोठी लिहायला हात वळत नाही.

तेकेची खोडी सापडली. त्याच्या पोटात दिशा मोजणारं एक यंत्र असतं. बटण दाबलं की त्या क्षणी तेकेचं तोंड जिकडे असेल, ती त्याची सरळ दिशा. पुढची सगळी वळणं तो तिच्यावरून मोजतो. आणि आम्ही त्याला रोज नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने उभा करत होतो, घाईघाईत, कधी इकडे तिरका, कधी तिकडे. बिचारा एकही चूक करत नव्हता. प्रोग्राममध्येही चूक नव्हती. त्याला पहिल्यांदा उभा करणाऱ्यांचा हात वाकडा होता, आणि मी तीन आठवडे त्याला शिव्या घालत होते.

हे मी नूरोझच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या, जेवणावर सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज चढला. मी म्हटलं, माझंही तेच झालंय, तुम्ही सगळ्यांनी मला वाकडं उभं केलंत. आईने चमचा खाली ठेवला. बाबा तीन मार्चपासून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाहीत. पण सकाळी माझ्या चपलांपाशी लाकडाचा एक गुण्या ठेवलेला होता, सुतारकामातला काटकोन असतो ना तसा, तासून गुळगुळीत केलेला. मेजाच्या कोपऱ्यात तो बसवायचा, तेकेची पाठ त्याला लावायची आणि मग बटण दाबायचं. माप कुठून घेतलं विचारलं तर आई म्हणाली, "पहाटे बाबा तुझ्या शाळेच्या शिपायाला उठवून आले." आज तेकेने सोळा फेऱ्या केल्या. सोळाही सरळ.

आता दुसरी गोष्ट.

काल संध्याकाळी आई माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "तू खरंच जागा सोडलीस?"

"सोडली."

"त्याच्याकडे एक सही मागितली तर तुझं नाक कापलं जाणार आहे का?"

"दोन वर्षांपूर्वी मागितली होतीस ना तू? पाठवली का त्याने?"

ती उठली, रजयांची चळत उतरवली आणि सगळ्यांत खालची, माझ्या लग्नासाठी ठेवलेली निळी रजई काढली. एका कडेची शिवण दातांनी तोडली. आत कापसात तीन लिफाफे होते. सुर्गुतचे शिक्के. तुझं अक्षर.

मी उघडले. घाईत एक टोकाला फाटला. पहिलं संमतीपत्र दोन वर्षांपूर्वीचं, ताश्कंदसाठी, जायच्या तारखेच्या बारा दिवस आधी पोचलेलं. तुझी सही, वहिनीची सही, नोटरीचा लाल शिक्का. वेळेवर पोचलं होतं रे. बारा दिवस आधी! आणि मी तेव्हापासून तुला माणसांत गणत नव्हते.

दुसरं गेल्या वर्षीचं, तेव्हा तर मी तुझं नावही घेत नव्हते. तिसरं ह्या जानेवारीतलं. ह्यावेळी स्पर्धा कुठे आहे हे तुला कुणी सांगितलेलं नसणार, म्हणून तू देशांची यादीच लिहून घेतलीस: कझाकस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, रशिया, तुर्कस्तान, चीन, 'आणि स्पर्धा ज्या कोणत्या देशात असेल तो देश'. नोटरीने तुला वेड्यात काढलं असेल.

मी ओरडले. खूप ओरडले, ते इथे लिहीत नाही. आई ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "त्यावर बाप म्हणून त्याचं नाव होतं. तू वाचलं असतंस. मग तू मला काय म्हणाली असतीस? माझ्या अंगावर तीन लेकरं दूध प्यायली, पण मांडीवर वाढली ती तू. म्हातारपणी एकटी पडेन ह्या भीतीने मी कागद दडवला. तुझं ताश्कंद मी खाल्लं. त्याने नाही."

मग बाकीचंही सांगितलं. पाच वर्षांपूर्वी तू निघालास, तेव्हा मला बरोबर न्यायचं म्हणत होतास. बाबा म्हणाले, दिलेलं मूल परत मागत नाहीत, आणि तिच्यासाठी यायचं असेल तर भाऊ म्हणून ये नाहीतर येऊ नकोस. तू आला नाहीस. मला मात्र वाटत होतं की तुला यावंसंच वाटत नाही.

मला कुणावर रागवायचं तेच कळेनासं झालंय. आईवर रागावले, तर ती पाठमोरी बसून रजई पुन्हा शिवत होती आणि तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. शेवटी मीच ओवून दिला.

सरांना जानेवारीचा कागद दाखवला. ते म्हणाले, "ह्या कागदावर तर तू चंद्रावरही जाशील." मीरिमने सुटकेचा असा निःश्वास टाकला की मला रागच आला.

बारचिन


अल्माटी, १२ एप्रिल

अजून वरची जागा मोकळीच आहे.

निघताना आईने ताजा नान पुढे केला. घरून लांब निघणाऱ्याने एक घास चावायचा आणि उरलेला नान तो परत येईपर्यंत खुंटीवर ठेवायचा, हे तुला मी काय सांगणार! तुझा पाच वर्षांपासून तिथे आहे. मी चावला. आईने माझा तुझ्याशेजारी टांगला आणि पटकन तोंड फिरवलं. बाबांनी हात उघडून आशीर्वाद दिला, पण शब्द पुटपुटलेच, मला ऐकू आले नाहीत.

सरहद्दीवर पहारेकऱ्याने कागद मोठ्याने वाचला. "वडील असानबेकोव तिलेक. आई ऐचुरेक." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "एवढे देश? बाप काय तुला जगाच्या फेरीला पाठवतोय?" दास्तान मागून ओरडला, "बापाला भरवसाच नाही हो, ही कुठे जाईल याचा!" सगळी गाडी हसली. मीही हसले. 'बापाला' हा शब्द ऐकून दचकले नाही, हे गाडी पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

आज स्पर्धा झाली. इथले संघ एकसारख्या अंगरख्यांत, त्यांच्या पेट्या चाकांच्या. आमचा तेके सफरचंदांच्या खोक्यात, नमद्यात गुंडाळलेला. पहिल्या फेरीत त्याने एक काळा चेंडू उचलला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेवटच्या फेरीला मी बाबांचा गुण्या कोपऱ्यात बसवला. पंचांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "आजोबांनी केलंय." पहिल्यांदाच म्हटलं. तोंडातून निघून गेलं आणि मीच चाट पडले. तेकेची पाठ लावली, गुण्या काढून घेतला, बटण दाबलं. सातही पांढरे आले. एकही काळा नाही. आम्ही तिसरे आलो.

पण धक्का पुढेच होता. बक्षिसाला नाव पुकारतात ते कागदावर असेल तसं. मला ते आधी सुचायला हवं होतं. भोंग्यावरून आवाज आला: "असानबेकोवा गुलबारचिन तिलेकोव्ना." तिलेकची मुलगी. साऱ्या सभागृहात! आणि सरांच्या बायकोने तिकडे आत-बाशीत आमच्या घरी फोन लावून ठेवलेला होता, सगळं थेट दिसत होतं. खोलीत आई, बाबा आणि अर्धी गल्ली. हे असं जाहीरपणे त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

मी पदक घेतलं आणि मला पुढचं काही आठवत नाही. दास्तान म्हणतो मी पंचांशी दोनदा हस्तांदोलन केलं.

घरी जायची भीती वाटतेय.

बारचिन


आत-बाशी, १६ एप्रिल

ऐक,

गाडीतून उतरले तेव्हा आई फाटकात उभी होती. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. म्हटलं, फोनचा आवाज नीट आला का?

"स्पष्ट आला," ती म्हणाली. "गल्लीतल्या बाया टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवल्या." मग विचारलं, "तू मला काय म्हणणार आहेस?"

"आई," मी म्हटलं. "दुसरं काय?"

तिने माझं डोकं छातीशी इतकं दाबलं की पदक गालात रुतलं. मी तिला माफ केलंय का, ते माहीत नाही. ताश्कंद आठवलं की अजून त्या निळ्या रजईकडे बघवत नाही. पण आई ती आहे, हे कुठल्या रकान्यावरून ठरायचं नाही. वहिनीला हे वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव. तिला सांग, मोजे मला होतात, आणि मी ते घातलेत.

आत गेले. माझा नान आईने काढून दिला, चहात बुडवून मी तो तिथेच उभी राहून संपवला. खुंटीवर तुझा एकटा राहिला.

तेव्हा बाबा उठले. त्यांनी तुझा नान खाली काढला. मला वाटलं, आता भोंग्याचा राग त्याच्यावर काढणार, चुलीत टाकणार. आईसुद्धा जागची हलेना. त्यांनी फडकं सोडलं, फुंकर मारून धूळ उडवली, आणि खिडकीपाशी नेऊन तो नान बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला. मग आईला नवं फडकं मागितलं. स्वतःच्या हाताने गुंडाळला, परत खुंटीला टांगला. जवळजवळ दीड महिना जे माणूस माझ्याशी बोललं नव्हतं, ते माझ्याकडे वळून म्हणालं:

"दातांच्या खुणा अजून आहेत. त्याला लिही, दगड झालाय, पण चहात भिजेल. आणि लिही की मी अट मागे घेतली."

म्हणून लिहिलंय.

तू ये. वहिनीला आण, अदिलेतला आण. तेके दाखवते, गुण्या दाखवते. तुला काय हाक मारायची ते मात्र मला अजून जमलेलं नाही, कागदावर तर नाहीच नाही. तू दारात उभा राहिलास की जे तोंडात येईल ते.

बारचिन